नाव न घेतलेला दिवा

आमच्या घरचे गेवराईच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होते. तेलावरचं ते इंजिन बिघडलं की त्याच्या अंगाला कान लावून बसायचे आणि दुखतंय कुठं ते सांगायचे. मुंबईच्या एका शेटानं हे पाहिलं. त्यानं नवी बोट बांधून घेतली होती, शिडाची नव्हे, इंजिनाची. तिच्यातून त्याला थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायचं होतं, आणि इंजिनाजवळ बसायला हे हवे होते.

जायच्या आधी जेवताना मी विचारलं, "वाटंत मुक्काम कुठं?"

"दर्यात कुठला आला मुक्काम? तेलाच्या टाक्या हायेत तिच्या पोटात. चौदा दिवस इंजिन बंद करायचं न्हाई."

"अन् पडलं बंद तर?"

"म्हणून तर मला नेतेत."

माझी सासू भिवराबाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिला आत्याबाई म्हणते. दोन वर्षांपासून तिला दिसत नव्हतं. ती म्हणाली, "समुद्र ओलांडू नये म्हणतेत, बाबा."

"ओलांडत न्हाई, आई. नुस्तं वरून जातो."

आत्याबाई हसली. मला हसू आलं नाही.

पौष पौर्णिमेला बोट सुटणार होती. मी महादेवाच्या देवळात हरिबा गुरवांना विचारलं, की दर्यावरच्या माणसासाठी कोणतं व्रत करावं. ते म्हणाले, "दिवेलागणीला उंबऱ्यात परात ठिव. परातीत पाणी, पाण्यावर कणकंचा दिवा. सकाळी ते पाणी तुळशीला घाल. माणूस घरी येईपर्यंत एक दिस चुकायचा न्हाई. अन् दिवा ज्याच्यासाठी, त्याचं नाव तोंडानं घ्यायचं. ज्यानं लावला त्यानंच."

मी मान डोलवली. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं ते चार बायांत, उखाण्यात, डोईवर पदर घेऊन. असं कोरडं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य झिजतं, हे आईनं मला लहानपणीच सांगितलेलं. आयुष्य वाढावं म्हणून दिवा लावायचा आणि त्याच तोंडानं ते झिजवायचं, हे मला जमेना. मी दिवा लावून म्हणायची, "देवा, माझ्या घरधन्याला वाट दाखीव." देवाला काय कळत नाही, असं वाटलं.

पाचव्या दिवशी संकष्टी होती. सकाळी तुळशीपाशी गेले तर पानं कडेनं करपलेली. परातीतल्या पाण्यात बोट बुडवून मी जिभेला लावलं. खारट होतं. आमच्या आडाचं पाणी इतकं गोड, की आमच्या उमापूरच्या लेकी सासरी गेल्या तरी त्याची आठवण काढतात.

शेजारच्या छबुबाईला चाखायला दिलं. ती म्हणाली, "खारट हाय खरं. तुझ्या डोळ्यातलंच पडलं असंल. रडायचं तर परात सोडून रड की गं."

त्याच संध्याकाळी दिवा लावून मी आत वळले, तर ओसरीवर बसलेल्या आत्याबाईनं विचारलं, "कोण आलंय?"

"कोणी न्हाई, आत्याबाई."

"आलंय. ओल्या पायानं आलंय."

मी पाहिलं. सकाळीच सारवलेल्या ओसरीवर माणूस बसल्यावर उमटावा एवढा ओला डाग होता. उंबऱ्यापासून तिथपर्यंत पावलं होती. अंगणात एकही नव्हतं. म्हणजे पावलं परातीपासूनच सुरू होत होती. दिवा विझला तसा डाग वाळला आणि जागा पांढरी पडली. मी तिथंही बोट लावून पाहिलं. मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी दोन डाग, पुढं तीन. दशमीला सहा झाले. कोणी बोलत नव्हतं, काही मागत नव्हतं. दिव्याकडं तोंड करून बसायचे, एवढं मला डागांच्या ठेवणीवरून कळायचं. आत्याबाई त्यांच्यात पाय आखडून बसायची. एकदा हळूच म्हणाली, "थंडीनं काकडतेत गं. पांघरूण तरी कसं घालावं."

एकादशीला सकाळी मी देवळात गेले. बोट सुटून बारावा दिवस होता. हरिबांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाव घेती का?"

मी खाली पाहिलं.

"मग काय म्हणती?"

"घरधनी म्हणते."

हरिबा म्हणाले, "पोरी, दर्यावर काय तुझ्या एकटीचाच घरधनी हाय? बुडालेले बी कुणाचे तरी घरधनीच. तू हाक मारली, ते आले. ज्याच्यासाठी दिवा हाय, त्याला मात्र अजून ठाऊकच न्हाई."

त्या संध्याकाळी मी दिवा पाण्यावर सोडला. डाग उमटत गेले. सहा मोजले आणि मी श्वास सोडला. तेवढ्यात उंबऱ्यालगत सातवा उमटला, सगळ्यांहून ओला. पाणी अजून निथळत होतं.

आत्याबाईनं मान वर केली. "हा खोकतोय," ती म्हणाली. "तेलाच्या धुरानं खोकायचा तसा." आणि तिनं हात पुढं करून चाचपायला सुरुवात केली.

मला सगळं कळलं. आईचं सांगणं आठवलं. झिजायला आयुष्य तरी उरायला हवं ना. मी पदर डोक्यावर घेतला, परातीसमोर बसले आणि म्हणाले, "शहादेव."

पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं, की छबुबाई तिच्या दारात आली.

सातवा डाग उठला. पावलं परातीकडं गेली आणि पाणी हललं. दिवा मात्र विझला नाही. बाकीचे सहा तसेच बसून राहिले.

चैत्रात हे घरी आले. वाळले होते, पण धड होते. आत्याबाईनं तोंडावरून हात फिरवून खात्री केली. जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं.

"बाराव्या दिशी सांजंला नळी फुटली. गरम तेल अंगावर आलं, म्हणून वर पळालो अन् पाय घसरून पाण्यात पडलो. बोट लांब गेलती. खाली खाली गेलो. तिथं सहा जणं होते. गप. एका दिव्याकडं बघत बसलेले. मी बी बसलो. बरं वाटत होतं बसायला. मग कुणीतरी मला नावानं हाक मारली. त्यांच्यातला एक माझ्याकडं वळून म्हणला, तुला बोलावतेत, जा. मी वर आलो, तर बोट वळून माघारी आलती."

मग त्यांनी विचारलं, "हाक कुणी मारली?"

"आत्याबाईनं मारली असंल," मी म्हणाले.

माणूस घरी आला, तेव्हा व्रत पुरं झालं. हरिबा दोनदा म्हणाले, की आता उद्यापन कर. मी नंतर करते म्हणते. दिवेलागणीला हे आत जाऊन बसतात, ओसरीकडं पाहत नाहीत. मी परात भरते. तुळस मी परसात हलवली, आता ते पाणी बांधावर ओतते.

सहाही जण येतात आणि दिव्याकडं तोंड करून बसतात. त्यांच्या बायका कुठल्या गावच्या, मला माहीत नाही. कुणीतरी त्यांचं नाव घेईल म्हणून ते थांबतात. मला त्यांची नावं ठाऊक नाहीत.