उस्ताज वगीह यांची संमती

इजिप्तमधल्या दमियात शहराच्या सुतार आळीत उस्ताज, म्हणजे उस्ताद, वगीह यांच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत अरबी व्याकरण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर अख्खी आळी शिकवायला घेतली. भाजीवाल्याच्या पाटीवरची चूक ते खिशातल्या पेनाने दुरुस्त करत. लग्नपत्रिकेत एक प्रत्यय चुकला म्हणून सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला ते गेले नव्हते.

असा माणूस एका सकाळी न्याहारीला बसला, बायकोला "चीज दे" म्हणायला गेला, आणि तोंडातून निघालं, "खिडकी दे." स्वतःचा शब्द ऐकून तेच दचकले. पुन्हा नीट जुळवून म्हणाले, "खिडकी. खिडकी." मग उजवा हात ताटात पडला तो पडलाच.

दीड महिन्याने ते इस्पितळातून घरी आले, काठी टेकत. तोंडात उरले होते चार-पाच शब्द, तेही भलत्याच जागी पडणारे. मुलगा हानी कुवेतला. घरात बायको सनिय्या आणि ते, दोघंच.

दर मंगळवारी विद्यापीठातून डॉक्टर रबाब येऊ लागली. वाणीवर संशोधन करणारी, पस्तिशीची, घाईघाईने जिने चढणारी बाई. ती त्यांना चित्रं दाखवी, शब्द विचारी, सगळं कॅमेऱ्यात टिपून घेई.

पहिल्याच दिवशी तिने सनिय्याला मावशीच्या नात्याने सांगितलं, "खाला, याला वाचाघात म्हणतात. उस्तादांची बुद्धी जागच्या जागी आहे. त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा. त्यांचं 'हो' पुष्कळदा 'नाही' असतं. तोंडाचं ऐकू नका, मानेकडे बघा."

सनिय्या मानेकडे बघायला शिकली. हनुवटी वर गेली आणि जीभ टाळूला लागून 'च्' झालं, की नाही. मग तोंडाने ते दहादा हो म्हणेनात का. चौथ्या महिन्यात एकदा ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा मागून आवाज आला, "सनिय्या." स्वच्छ, प्रत्येक अक्षर आपापल्या जागी. ओल्या चादरीसकट ती तिथेच बसली. त्या दिवसापासून ते रोज एकदा तरी तिला नावाने हाक मारत. काम काही नसे.

घरात असं काहीतरी उगवत होतं, पण बाहेर लोकांनी त्यांना केव्हाच मोडीत काढलं होतं. समोरची उम्म शिरबीनी, म्हणजे शिरबीनीची आई, त्यांच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोले. एका मयताच्या बैठकीत सनिय्या बायकांच्या बाजूला बसली होती. पडद्यापलीकडून झगलूल सुताराचा आवाज आला, "उस्तादांना त्या कोपऱ्यात बसवा रे. बिचारे, तान्ह्या लेकरासारखे झालेत." कोणीतरी म्हणालं, "लोकांच्या चुका काढून काढून स्वतःच चुकीचे झाले." बारीक हशा पिकला. उस्ताज तिथेच बसले होते. कोपऱ्यात.

घरी येताना सनिय्याने ठरवलं, यांना सगळं कळतं हे या लोकांना दाखवून द्यायचंच.

पुढच्या मंगळवारी रबाब आली तीच उत्साहाने फुललेली. "खाला, आम्ही लोकांसाठी कार्यक्रम करतोय. नदीकाठच्या संस्कृती भवनात. आमचं संशोधन आजवर परदेशी मासिकांत पडून राहिलं, ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना त्यातलं अक्षर माहीत नाही. साध्या बोलीत सगळं समजावून सांगणार. पण लोकांना डोळ्यांनी दिसलं तरच पटतं. उस्तादांचं चित्रण दाखवू दिलंत तर..."

सनिय्याच्या डोळ्यांसमोर ती मयताची बैठक आली.

रबाब उस्तादांपुढे खुर्ची ओढून बसली. "उस्ताज, तुमचं चित्रण लोकांना दाखवू का?"

"हो," उस्ताज म्हणाले. "हो, हो, हो." आणि त्यांची हनुवटी वर गेली. 'च्' झालं. एकदा नाही, दोनदा.

खाली झगलूलच्या कारखान्यात करवत चालू होती. रबाबने सनिय्याकडे पाहिलं. "हो म्हणतायत ना?"

"म्हणतायत ना," सनिय्या म्हणाली. "त्यांचा हात चालत नाही. सही मी करते."

सही करताना तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. रबाबनेही कागद पटकन पिशवीत घातला.

कार्यक्रमाच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर सनिय्याने त्यांना राखाडी सूट घातला, टाय बांधला. "भाषेवर व्याख्यान आहे," म्हणाली. ते खूश झाले. सभागृह गच्च भरलं होतं. अर्धी आळी आली होती. पहिल्या रांगेत रबाबने दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या.

दिवे मंद झाले आणि भिंतीवर उस्तादांचा चेहरा आला, दाराएवढा मोठा. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

चित्रणातल्या रबाबने उंटाचं चित्र दाखवलं. "हे काय आहे?"

चेहऱ्याने खूप विचार केला. मग ठासून म्हणाला, "हेडमास्तर."

सभागृह फुटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अगदी बरोबर आहे उस्ताज!" झगलूल तर मांडीवर थापा मारत होता. तो बारा वर्षांचा असताना एका चुकीच्या क्रियापदापायी उस्तादांनी त्याला वर्गापुढे गाढवासारखं ओरडून दाखवायला लावलं होतं.

भिंतीवरच्या उस्तादांना आपली चूक कळली. ते "हेड... हेड... उम..." करत झगडले, आणि शेवटी त्यांनी एक शिवी हासडली. आईवरची, सलग, एकही अक्षर न अडखळता. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला 'अरे गाढवा'च्या पुढे काही म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडून. लोक हसून हसून वाकले.

मग रबाबने दिवे लावले आणि बोलायला लागली. ती फार चांगली बोलली, हे सनिय्याने पुढेही कधी नाकारलं नाही. बोजड शब्द नाही की आकडा नाही. शिव्या, मोजणी, पाठ केलेल्या ओळी वेगळ्या वाटेने बाहेर येतात म्हणून त्या शाबूत राहतात, हे तिने सांगितलं. "तुम्ही हसलात तेव्हा या माणसाला आपली चूक तुमच्याआधी कळली होती," ती म्हणाली. "त्यांना सगळं कळतं. या क्षणीसुद्धा."

मधल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. "माझे वडील दोन वर्षं असेच होते," ती म्हणाली. "डोकं फिरलंय म्हणून आम्ही त्यांना आतल्या खोलीत ठेवलं. ते रोज काहीतरी सांगत होते. रोज. आम्ही दार लावून घ्यायचो." ती मटकन खाली बसली. किती तरी लोकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात.

सनिय्याने रडत रडत नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. उस्ताज समोर भिंतीकडे बघत होते. त्यांनी डाव्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिचा हात तिच्या मांडीवर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आळी बदलली. उम्म शिरबीनी हळू बोलू लागली. रोटीवाला उत्तरासाठी थांबू लागला. बोट ठेवून बोलता यावं म्हणून झगलूल शिसवी फळीवर अक्षरं कोरून घेऊन आला, उस्तादांचा हात डोळ्यांना लावून ढसाढसा रडला. "माफ करा उस्ताज. आजपासून रोज माझ्या कारखान्यात येऊन बसायचं. माझी पोरं शुद्ध अरबी शिकतील तरी."

सनिय्याला जे जे हवं होतं ते सगळं झालं. फक्त रोजची ती हाक बंद झाली. तिने वाट पाहिली. पाकातली मिशब्बिक मिठाई आणून ठेवली, त्यांची आवडती. ते खात. ताट पुढे सरकवत. तिच्याकडे बघून तोंड मात्र उघडत नसत.

महिन्याभराने रबाब आली. वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन. "खाला, कैरोला बोलावलंय! मोठ्या सभागृहात. तेवढी पुन्हा एक सही."

"या खेपेला त्यांना नीट विचारा," सनिय्या म्हणाली.

रबाबने विचारलं. उस्ताज काहीच बोलले नाहीत. हनुवटी वर गेली.

"नाही म्हणतायत," सनिय्या म्हणाली.

"पण मागच्या वेळी तर हो..."

"मागच्या वेळीही नाहीच म्हणाले होते. मानेकडे बघायला तुम्हीच शिकवलंत, डॉक्टर. तुम्ही बघितलं होतंत."

रबाबने कात्रणाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तुम्ही त्यांच्या पत्नी आहात. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मला माहीत होतं."

रबाबने कात्रण पिशवीत टाकलं. मग रबाब खालच्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. मी ते कैरोला दाखवणार नाही. पण त्या दिवशी लोकांनी मोबाइलवर टिपलं, इंटरनेटवर ते आता कोणी कोणी टाकलंय याचा पत्ता नाही, खाला. काही जणांनी नुसता उंटाचा तुकडा ठेवलाय. तो मी परत आणू शकत नाही."

उस्ताज ऐकत होते. ते काठी घेऊन उठले आणि जिना उतरून झगलूलच्या कारखान्यात गेले.

आता ते रोजच जातात. झगलूल मधूनमधून वर येऊन आनंदाने सांगतो, "उम्म हानी, आज उस्ताज 'पटाशी' म्हणाले! आज पोरांतल्या सईदची चूक काढली, 'अशुद्ध' म्हणाले, चक्क! घरी तर किती बोलत असतील!" सनिय्या त्याला चहा देते.

एकदा दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन खाली गेली. करवत बंद होती. दाराबाहेरच तिला तो आवाज ऐकू आला. अडखळत, थांबत, शब्द चाचपत उस्ताज पोरांना काहीतरी सांगत होते. सलग तीन शब्द आले, मग चौथा. पोरं खुळावल्यासारखी हसली, उस्ताजही हसले.

ती दारात आली. उस्तादांनी तिला पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. पोरं पुन्हा करवतीकडे वळली. सनिय्याने डबा बाकावर ठेवला, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि जिना चढून वर गेली.