अठराव्या होलची काठी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, गेली एकतीस वर्षं रोज सकाळी जमिनीत अठरा खड्डे पाडतात आणि आदल्या दिवशीचे अठरा बुजवतात. हे ऐकून कोणी हसलं तर मला राग येतो. पहिली काही वर्षं मीही हसायचो, त्यामुळे तो राग थोडा स्वतःवरचाही आहे.

आम्ही दोघं एकाच गोल्फ क्लबात कामाला. मी वर्कशॉपमध्ये मिस्त्री. गवत कापायच्या मशिनी, त्यांची पाती, पट्टे, बेअरिंगं, सगळं माझ्याकडे. भाऊजींकडे होल. होलच्या भोवती जे गवत गालिच्यासारखं बारीक कापलेलं असतं, त्याला ग्रीन म्हणतात. रोज एकाच जागी होल ठेवला तर पायांखाली तिथलं गवत मरेल, म्हणून तो रोज हलवायचा. पण हलवला की लांबून कळणार कसा? चेंडू मारणारा माणूस दीड-दोनशे पावलांवर उभा. त्याला तो टीचभर खड्डा काय कप्पाळ दिसणार! त्याला दिसते ती काठी आणि तिच्यावरचा झेंडा. तांबडा झेंडा म्हणजे होल ग्रीनच्या पुढच्या भागात, पांढरा म्हणजे मधे, निळा म्हणजे मागे. झेंडा कुठल्या बाजूला फडफडतोय त्यावरून वाराही कळतो.

"आख्ख्या मैदानात खरं बोलणारी ही एकटीच," भाऊजी काठीकडे बोट करून म्हणायचे. "बाकी सगळे आपापला स्कोअर सांगतात."

होल पाडताना त्यांना बघत राहावं. ग्रीनच्या कडेपासून चार पावलं मोजून आत यायचं. मग एक चेंडू घेऊन चारी बाजूंनी तो हळूच घरंगळवून बघायचा. आसपास हातभर अंतरात जमीन अचानक वळली तर ती जागा सोडून द्यायची, मग ती कितीही आवडलेली असो. जागा पटली की दोन मुठींचं कटर उभं धरून, दाबत, फिरवत खाली न्यायचं आणि मातीचा गोळा गवतासकट अलगद वर काढायचा. तो कालच्या होलात बसवायचा, तळव्याने सारखा करायचा, झारीने पाणी द्यायचं. नव्या होलात आतला पेला काठाच्या इंचभर खाली बसवायचा. त्या पेल्याच्या बुडाशी काठीपुरतं भोक असतं, त्यामुळे पेला जसा बसेल तशी काठी उभी राहणार. शेवटी खिशातून ताईची जुनी कात्री काढून काठावर डोकावणारी गवताची पाती एकेक करून छाटायची. ताई म्हणते, "स्वतःच्या मिशा कधी इतक्या प्रेमाने कापल्या नाहीत या माणसाने."

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा चांगला झाला, पण बातमी क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांपर्यंत गेली. मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. साहेबांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, "या वेळचं तुमच्यावर सोपवतो. पण एका जरी होलबद्दल तक्रार आली, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही स्टोअर सांभाळा. बसून काम आहे, तुमच्या वयाला बरं." स्टोअर म्हणजे खताची पोती आणि एक कुलूप. भाऊजी नुसते "बरं साहेब" म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं, आणि तीच भाजी संपवली.

नंतर ताईने मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगितलं, "तू असतोस ना तिथे. जरा लक्ष ठेव त्यांच्यावर. पण त्यांना कळू देऊ नकोस."

मला असं सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं. मी मिस्त्री माणूस. भिंतीवरची तसबीर केसभर कलली असली तर मला त्या घरात चहा गोड लागत नाही. माझी नजर म्हणजे ओळंबा, असं मी चारचौघांत सांगत आलोय. चारचौघांनी कधी विचारलेलं नसतं, ते सोडा.

स्पर्धेचे पहिले दोन दिवस निर्धास्त गेले. तिसऱ्या, शेवटच्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपकडून अठराव्या ग्रीनवर आलो. हा ग्रीन तळ्याच्या बाजूला उतरत जातो. भाऊजी तिथलं काम आटोपून हत्यारं ठेवायला गेले होते. नव्या होलात काठी उभी होती, तांबडा झेंडा सकाळच्या वाऱ्यात हलत होता. आणि काठी वाकडी होती. तळ्याच्या उलट्या बाजूला, चढाकडे, टोक चांगलं तीन बोटं कललेलं. मी जागा बदलून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. वाकडीच.

भाऊजींच्या डोळ्याने दगा दिलाच शेवटी, असं वाटलं. साहेब, तक्रार, ती खताची पोती, सगळं एकदम समोर आलं. भाऊजींना जाऊन सांगावं, तर त्यांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं, काठी काढली, तारेच्या आकड्याने पेला वर ओढला, खिशातल्या दोन रबरी वायसर चढाच्या बाजूला पेल्याखाली सरकवल्या आणि पेला परत दाबून बसवला. काठी लावली. आता कशी छान, सरळ दिसत होती! पाणसळ लावून बघावी असं मनातसुद्धा आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या वेळी मी शीळ घालत वर्कशॉपला गेलो.

दुपारी अठराव्या ग्रीनभोवती दोरी बांधलेली, बाहेर माणसंच माणसं. मी पुढे घुसून उभा होतो. लाल टोपीवाला एक खेळाडू तळ्याच्या बाजूने, ग्रीनच्या जरा बाहेरून, वर चढाकडे मारणार होता. चेंडू एका फटक्यात आत गेला असता तर तो एकटा आघाडीवर गेला असता. त्याच्या मदतनिसाने विचारलं, "काठी काढू का?" त्याने मान हलवून नको म्हटलं. चेंडू वर चढत गेला, थेट काठीवर टक्कन आपटला, होलच्या काठावर घुटमळला आणि हातभर मागे आला.

लोकांच्या तोंडून एकच "अरेरे" निघालं. त्याने तो उरलेला हातभर चेंडू आत ढकलला आणि तरातरा काठीपाशी गेला. "ही बघा! ही काठी माझ्या अंगावर येतेय! अशी लावतात काठी?"

पंच म्हणून एक उंच बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आधी त्याला थंड केलं. "फटका झाला तो झाला. काठी काढायची की ठेवायची हे तुम्हीच ठरवलंत." मग त्यांनी पिशवीतून पाणसळ काढून काठीला उभी लावली. आतला बुडबुडा एका बाजूला पळाला. "पण काठी कललेली आहे, हेही खरं. तळ्याच्या बाजूला. चेंडू त्यामुळेच परत आला का, ते कोणीच सांगू शकणार नाही."

सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी भाऊजींना बोलावलं. तळ्याच्या बाजूला! म्हणजे सकाळी ती सरळ होती आणि वाकडी केली ती मी.

भाऊजी आले, गुडघ्यावर बसले. काठी उपसली, आकडा घालून पेला वर घेतला, होलात हात घातला आणि त्यांची बोटं थांबली. हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. त्यांनी मान वर केली. शोधलं वगैरे नाही, एवढ्या गर्दीत थेट माझ्याकडे पाहिलं. खिशात रबरी वायसर घेऊन हिंडणारा माणूस त्या मैदानावर एकच आहे.

त्यांनी मूठ खिशात घातली आणि उठून साहेबांना म्हणाले, "होल मी पाडलाय. चूक माझी."

खरं सांगतो, एक क्षण मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. त्या एका क्षणाची लाज अजून गेलेली नाही. एकतीस वर्षांत ज्या माणसाने कधी काठी केसभर वाकडी लावली नव्हती, तो भर माणसांत ती वाकडी लावल्याचं कबूल करत होता, आणि तेही माझ्यासारख्या उंटावरच्या शहाण्याला वाचवायला. मी दोरीखालून आत शिरलो.

"साहेब, त्यांनी नाही. मी केलं. सकाळी मला काठी वाकडी दिसली म्हणून मी पेल्याखाली वायसर घातल्या. त्यांच्या खिशात आहेत बघा."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. आगाऊपणा केला."

साहेब भाऊजींकडे वळले. "म्हणजे यांना जी वाकडी दिसली ती तुम्हाला सरळ दिसत होती?"

त्या प्रश्नात सगळं होतं, ऑपरेशन, वय, स्टोअर. भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मलाही वाकडीच दिसते साहेब," ते म्हणाले. "एकतीस वर्षं इथे वाकडीच दिसतेय. जमीन तळ्याकडे उतरते आणि डोळा त्या उतारालाच सपाट धरून चालतो. मग सरळ काठी चढाकडे कललेली वाटते. या ग्रीनवर डोळ्याचं ऐकायचं नसतं."

पंचबाई म्हणाल्या, "अजून दोन जोड्या यायच्या आहेत. काठी आत्ताच लावायला हवी."

भाऊजींनी चष्मा खिशात ठेवला. होल बोटांनी साफ केला, पेला बसवला, त्याच्या कडेवरून एक बोट हळू फिरवलं, एका जागी अंगठ्याने जरासं दाबलं. मग काठी आत सोडली आणि दोन्ही डोळे मिटले. काठी त्यांनी मुठीत धरली नाही, दोन बोटांच्या मधे नुसती राहू दिली. पुन्हा खाली वाकले, पेला कणभर दाबला, पुन्हा बोटं लावली. असं तीनदा. त्या सावकाश हातांकडे बघता बघता लाल टोपीवालासुद्धा चिडायचं विसरला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा पंचबाईंनी पाणसळ लावली. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बुडबुडा दोन्ही वेळा दोन रेघांच्या बरोबर मधे उभा राहिला.

साहेब मान तिरकी करून काठीकडे बघत होते. "पण मला अजून वाकडीच दिसतेय ही."

"साहेब," पंचबाई म्हणाल्या, "आधी मान सरळ करा."

शेवटच्या जोडीतल्या एकाचा चेंडू लांबून आला, टप्पा घेऊन काठीला लागला आणि सरळ होलात उतरला. लोकांनी त्याच्या नावाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण ज्याच्यासाठी वाजवल्या तो झारी उचलून केव्हाच निघून गेला होता.

स्टोअरचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या महिन्याचं कामाचं वेळापत्रक फळ्यावर लागलं, त्यात होलच्या कामापुढे भाऊजींचंच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अठराव्या ग्रीनवर बोलावलं. एरवी ते मला थट्टेने "या मेहुणे, बसा मेहुणे" असं अहो-जाहो करतात. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो. त्यांनी खिशातून दोन वायसर काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"ताईने सांगितलं होतं ना लक्ष ठेवायला?"

"हो."

"तरीच. या डोळ्याची मला वाटत होती त्यापेक्षा तुला जास्त काळजी," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी मला विचार रे. मी काय तुला खाणार होतो?"

त्या "रे"ने माझी मान वर झाली. तेवढ्यात त्यांनी नव्या होलात काठी सोडली आणि मला पुढे बोलावलं. "दोन बोटांत धर. घट्ट नाही. आता डोळे मीट. वजन कुठल्या बोटाला लागतंय?"

मी डोळे मिटले. वर झेंडा हलल्याचं बोटांना कळत होतं. वारा जरा पडला आणि तेही थांबलं. हातात सात फुटांची काठी होती, पण तिचं ओझं ना या बोटाला होतं ना त्या.

"कुठल्याच नाही," मी म्हणालो.

"मग सोड."

मी सोडली आणि डोळे उघडले. काठी चढाकडे कललेली होती, चांगली तीन बोटं. माझे हात शिवशिवायला लागले. मी ते दोन्ही खिशात घातले आणि वायसर मुठीत आवळून धरल्या.

"वाकडी दिसते ना?" भाऊजींनी विचारलं.

"दिसते."

"दिसू दे," ते म्हणाले आणि खाली बसून ताईच्या कात्रीने काठावरची पाती छाटायला लागले.