बर्फाच्या देशातले पाहुणे आणि मी

माझ्या पोटात दोन सळ्या आहेत. बटण दाबले की त्या आधी तांबूस होतात, मग लालबुंद. ओळखलेत ना, मित्रांनो? मी चंदीगडच्या एका घरातला जुना हीटर.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. हवाई दलात मेकॅनिक असलेले कृष्णकांतराव मला स्कूटरवर पायांशी ठेवून घरी घेऊन आले. त्यांची लेक अपेक्षा माझ्यासमोर बसून पाढे म्हणायची आणि मला ‘हीटूमहाराज’ म्हणायची. पुढे ती नोकरीसाठी पुण्याला गेली. वरची खोली रिकामी झाली, आणि मी जिन्याखाली जाऊन पडलो.

या हिवाळ्यात मात्र घरात एकदम गडबड उडाली! अपेक्षाच्या आईने, विनयाताईंनी, वरची खोली परदेशी पाहुण्यांना राहायला द्यायचे ठरवले. घर मुके झाले आहे, असे त्यांना वाटे. नवे पडदे आले, पांढऱ्याशुभ्र चादरी आल्या.

कृष्णकांतरावांनी अट घातली. “पहिलेच पाहुणे पळाले, तर खोलीला कुलूप. पक्कं?”

“पक्कं!” विनयाताई म्हणाल्या.

पाहुणे ठरले नॉर्वेचे, लार्स आणि इन्ग्रिड. शहरातल्या इमारती बघायला ते येणार होते. विनयाताई मला उचलायला आल्या, तशी माझी छाती फुगली. पण कृष्णकांतराव हसले.

“अगं, ती बर्फातली माणसं! आपली थंडी म्हणजे त्यांना गुदगुल्या. त्यापेक्षा टेबलफॅन ठेव. उकडलं तर?”

आणि खरोखर, पंखा वर गेला! त्याच संध्याकाळी पाहुणे आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुके होते. पाहुणे नाश्त्याला उतरले ते कोट, कानटोपी, हातमोजे घालूनच. कांदेपोह्यांची बशी इन्ग्रिडने पोटाशी धरली. लार्स चाचरत इंग्रजीत म्हणाला, “तुमचं घर छान आहे. पण आज आम्ही हॉटेलात जातो. रात्रभर कुडकुडलो.”

विनयाताईंचा चेहरा उतरला. “पण तुमच्याकडे तर बर्फ पडतो ना?”

“बर्फ बाहेर पडतो, मॅडम! घरं आम्ही तापवून ठेवतो, आत बनियनवर असतो.”

“अहो, हीटर!” विनयाताई धावल्याच.

पाहुणे सामान भरायला वर गेले. इकडे माझ्या अंगावरून ओले फडके फिरले, मग कोरडे. पण माझी वायर चिरली होती.

“चालेल गं, एकदा लावून तर बघू,” कृष्णकांतराव म्हणाले.

“मुळीच नाही! पाहुण्यांना शॉक बसला तर? अहो मेकॅनिकसाहेब, जरा हात चालवा. नाहीतर कुलूप लावायला चला!”

वर बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. कृष्णकांतरावांचा पेचकस भराभर फिरू लागला. नवी वायर बसली आणि मी वर पोहोचलो तेव्हा लार्स बॅग उचलत होता. बटण दाबले. मी सगळा जीव एकवटून तापलो! इन्ग्रिड माझ्यासमोर मांडी घालून बसली. हातमोजे गेले, टोपी गेली.

“लार्स,” ती म्हणाली, “बॅग खाली ठेव.”

जिन्यात विनयाताईंनी नवऱ्याला असा काही चिमटा काढला, की ते ओरडलेच!

मित्रांनो, थंडी सुरू होण्याआधी आम्हा हीटरांची धूळ पुसा, वायर तपासून घ्या, आमच्यावर कपडे वाळत घालू नका आणि झोपताना आम्हाला बंद करा. आणि पाहुणा कितीही बर्फातून आलेला असो, “थंडी वाजते का?” हे त्यालाच विचारा. तो “हो” म्हणाला, की मला हाक मारा.