एक्केचाळीस सत्कारांची कुस्ती

इंद्रायणीने बनवलेल्या गेममध्ये पैलवानाच्या पाठीवरची कोरडी माती वेगळी दिसायची आणि घामाने भिजलेली वेगळी. गेम जुन्या धाटणीचा: लाल आणि निळ्या लंगोटाचे दोन पैलवान, थोडी बटणं; जोडीदार नसला तर निळा कॉम्प्युटर खेळवायचा. पुण्याच्या एका कंपनीने तो पाहून कळवलं होतं, "चित्रं अप्रतिम. खेळ मात्र सापडला नाही. सोमवारपर्यंत सुधारून पाठवलात तर नोकरीचं बघू." नाहीतर मामाच्या ओळखीने मंचरच्या एका पतसंस्थेत खुर्ची तयारच होती. ती खुर्ची हल्ली तिला स्वप्नात दिसायची.

खेळ सापडत नव्हता, कारण तो सत्कारांच्या मागे होता. अवसरी बुद्रुकच्या यात्रेत पाहुण्यांचे सत्कार झाल्याशिवाय कुस्ती लागत नाही. मग गेममध्ये तरी कशी लागणार? यात्रा कमिटीचे अध्यक्ष सावळेरामअण्णा यांनी आपण होऊन स्वतःचा फोटो दिला. मग उपाध्यक्षांना घेणं आलं, मग सोसायटीच्या संचालकांना. असे एक्केचाळीस मान्यवर झाले. प्रत्येक कुस्तीआधी प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. कुस्ती लागल्यावरही एक्केचाळीस फेट्यांचे शेमले वाऱ्यावर हलत राहायचे. त्यात कॉम्प्युटर इतका दमायचा, की बटण दाबल्यावर पैलवान जरा विचार करून हात उचलायचा.

"मान्यवर उडव सगळे," तिची मैत्रीण समृद्धी म्हणाली.

"आणि गावात राहू कुठं?"

रविवारी दुपारी ती परवानगी मागायला अण्णांकडे गेली. विषय काढायच्या आधी तिने लॅपटॉप उघडून ठेवला. ओट्यावर गेणभाऊ बसले होते. त्यांनी तरुणपणी यात्रेत अण्णांना चितपट केलं होतं. गाव ते विसरलं होतं, अण्णा विसरले नव्हते.

"ये गेणा, धर बटन."

सत्कार झाले. स्वतःचा फेटा पाहून अण्णा प्रसन्न. कुस्ती लागली. अण्णा हरले.

"बटनच उशिरा लागतंय! पुन्ना लाव."

पुन्हा एक्केचाळीस सत्कार. या खेपेला अण्णांनी स्वतःच्या शालीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा हरले.

तिसऱ्या वेळी पडद्यावर संचालक नारळ घ्यायला उठले तसे अण्णा कडाडले, "आरं बस की खाली! किती नारळ नेशील? पोरी, काढ ही सगळी गर्दी."

"त्यात तुम्हीपण आहात, अण्णा."

"मला पयलं काढ! ह्यो गेण्या निघून जाईल ना."

"मी कुठं जातोय राव? तू हात तर उचल," गेणभाऊ म्हणाले.

मान्यवर गोळा करायला चार महिने लागले होते; काढायला दहा मिनिटं लागली. आखाडा मोकळा झाला आणि दोन्ही पैलवान बटणाला बोट लागायच्या आत एकमेकांना भिडले. गेणभाऊंनी पट काढला, अण्णा निसटले, पुन्हा सापडले आणि पाठीवर पडले.

"माझंच चुकलं," अण्णा म्हणाले. "पाय मोकळा सोडला मी. लाव अजून एक."

हरलेल्या माणसाने बटणाला दोष दिला नव्हता. इंद्रायणीने तिथूनच गेम पाठवून दिला.

बुधवारी कंपनीचा फोन आला. सोमवारपासून या म्हणाले, आणि येताना तो निळ्या लंगोटाचा पैलवान नक्की कसा पाडायचा तेही सांगा म्हणाले.