जाड पडद्यांचं हॉटेल

“या रे, पानं वाढलीत, निवतील.”

आईची ही हाक मास्तरांच्या कानात अजून जशीच्या तशी होती. गल्ली ओलांडून, कुंपणावरून उडी मारून ती यायची आणि पोरांच्या घोळक्यातून नेमकी आपलीच पोरं वेचून न्यायची. आई जाऊन काळ लोटला, हाक मात्र कोरी करकरीत राहिली. गंमत अशी, की समोर बसलेल्या माणसाचं बोलणं मास्तरांना हल्ली तितकं कोरं मिळत नसे. ते यायचं धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखं. रंग कळायचा, नक्षी कळायची नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकानात निभून जाई. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. ओठांत टाचण्या असलेल्या माणसाने उत्तर द्यावं अशी कुणाची अपेक्षा नसते. घरी बायकोचा आवाज खणखणीत, त्यामुळे तिथेही चिंता नव्हती. खरी पंचाईत व्हायची ती रविवारी, सगळे मिळून बाहेर जेवायला जात तेव्हा.

म्हणून कुठे जेवायचं हे ठरवण्याचा मान मास्तरांनी हळूच स्वतःकडे घेतला होता. एवढं मोठं शहर, पावलागणिक हॉटेल, पण मास्तर आधी एकटे जाऊन जागा बघून येत. पदार्थांचं कार्ड ते उघडतही नसत. पडद्यांना हात लावत, टेबलावरचं कापड चिमटीत धरत, पायाखाली गालिचा आहे का बघत. जाड कापड आवाज पिऊन टाकतं, हे शिंप्याला कुणी शिकवावं लागत नाही. मखमली पडदे असले की त्यांचा जीव भांड्यात पडे. मग रविवारी भिंतीला पाठ लावून बसायचं, उजेड समोरच्यांच्या तोंडावर येईल असं बघायचं, आणि कानांचं काम डोळ्यांना सांगायचं.

आता जिथे पडदे जाड तिथे सूप पातळ, हा काही मास्तरांचा दोष नव्हता. मेव्हणा दर खेपेला चमचा हलवत म्हणायचा, की दाजींना जेवणातलं फार कळतं. आजारी माणसाला जे चालेल तेच ते आपल्याला खाऊ घालतात. मास्तर हसून घेत. चेष्टा परवडली. त्यांच्या मामांचे कान गेले तेव्हा लोक मामांशी वाईट वागले नव्हते, फक्त त्यांना काही सांगेनासे झाले होते. विनोद झाला की मामा विचारायचे काय झालं, आणि कुणीतरी म्हणायचं, काही नाही हो, जेवा तुम्ही. त्या “काही नाही”ची मास्तरांनी धास्ती घेतली होती.

या रविवारी मात्र लेकीने हट्ट धरला. ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं त्याला ती पहिल्यांदाच घरच्यांना भेटवणार होती, आणि जागाही तिनेच निवडली होती. बाबांची चव आज पुरे, असं तिने लाडात सांगून टाकलं.

मास्तरांनी दारातूनच आत पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. फरशी नागडी, भिंती काचेच्या, टेबलं उघडी. स्वयंपाकघर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि तिथे कढया अशा आदळत होत्या जणू त्यांचं आपसात हाडवैर होतं. शहरातली निम्मी माणसं इथेच जेवायला आली असावीत. बायकोचा खणखणीत आवाजसुद्धा त्या कल्लोळात विरघळून गेला.

मुलगा जनावरांचा डॉक्टर होता. उभा राहिला, वाकून नमस्कार केला, बसला. बिचकलेल्या जनावरांशी बोलून बोलून त्याचा आवाज सायीसारखा मऊ झालेला. त्यावर कडी म्हणजे दाढी-मिशी अशी भरघोस, की ओठ कुठे सुरू होतात याचा पत्ता लागेना. मास्तर त्या झुडपाकडे टक लावून बघत राहिले. झुडूप हलायचं, थांबायचं. हललं की मास्तर मान डोलवत, थांबलं की “वा” म्हणत.

जेवण मात्र झकास होतं. भाजलेले बटाटे, लसणाचं लोणी लावलेला गरम पाव. मेव्हण्याने तर बोलणंच सोडून दिलं होतं. मास्तरांना वाटलं, नेली वेळ मारून. तेवढ्यात झुडूप बराच वेळ हललं. डॉक्टरने हात पसरून काहीतरी मोठं दाखवलं, मग मान खाली घातली. विनोद संपला असणार, असा हिशेब करून मास्तर खळखळून हसले. मांडीवर थाप मारून हसले.

टेबलावर कुणीच हसलं नव्हतं.

बायकोने पदर तोंडाला लावला होता. लेकीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तिचे ओठ मास्तरांना उजेडात लख्ख दिसले. पाळण्यात असल्यापासून वाचलेले ओठ ते. ती म्हणत होती, “बाबा, त्यांचे वडील गेले ते सांगत होते. घोड्यावरून पडून.”

मास्तरांचा हात मांडीवरच राहिला. पावाला मीठ कमी आहे, असलं काहीतरी बोलून सुटावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मेव्हणा तर लगेच सावरायलाही धावला. दाजींचं लक्ष नव्हतं, थकलेत हो ते, असं काहीसं. पण मुलगा खाली बघून पावाचा तुकडा उगाच कुस्करत होता, आणि लेक त्या तुकड्याकडे बघत होती, बापाकडे नाही. उद्यापासून ती आपल्याला दगड समजणार. त्यापेक्षा बहिरा काय वाईट.

त्यांनी खुर्ची ओढली आणि डॉक्टरच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी नेली. किती मोठ्याने बोलायचं याचा अंदाज न आल्याने ते असे बोलले, की शेजारच्या टेबलांवरचे घास हातातच थांबले.

“मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले, घरात कुणाला सांगितलं नाही. तुमच्या वडिलांचं पहिल्यापासून सांगा, बाळ. माझ्याकडे बघून सांगा, आणि ती मिशी तेवढी बोटाने वर धरा.”