यादीतला पहिला नंबर

आमच्या व्हॅक्यूम क्लीनर संग्राहक मंडळाच्या यंत्रांची यादी दोन नंबरापासून सुरू होते. यादी माझ्याच हातची आहे.

एक्क्याऐंशी साली मी आयोवातल्या आमच्या गावात धान्याच्या गोदामावर मुकादम होतो, पिना पाडायच्या बॉलिंगच्या संघाचा कप्तान होतो, आणि तळघरात एकोणीस जुने व्हॅक्यूम क्लीनर लपवून होतो. कुणी विचारलंच, तर खाली ओल फार आहे असं सांगायचो. ही युक्ती मी नेब्रास्काच्या मर्ल हॉस्किन्सला, माझ्यासारख्याच पण कधी न भेटलेल्या संग्राहकाला, पत्रातून मोठ्या फुशारकीनं कळवलीही होती. वर्षभराच्या पत्रांतून आमचं मंडळ काढायचं ठरलं आणि एका शनिवारी तो यायला निघाला.

यायचा होता संध्याकाळी, आला दुपारी. माझ्या ओसरीवर सगळा संघ बिअर पीत बसलेला. मर्लच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा बांधून, त्याच्या आईचं अडतीस सालचं मशीन.

"वेंडल ना? मी मर्ल!"

"कोण रे हा?" रॉस्को म्हणाला. आमच्या संघातलं सगळ्यात मोठं तोंड त्याचंच.

"सेल्समन दिसतोय," मी म्हणालो. "नको हो आम्हाला काही."

मर्लचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग त्यानं टोपी काढली. "पाचच मिनिटं द्या, साहेब. बघायला काय जातंय?"

तो मला सांभाळून घेत होता.

रॉस्कोला चेव आला. त्यानं आत जाऊन गालिच्यावर सिगारची राख झाडली. "हं, काढ बघू!" मर्ल गुडघ्यांवर बसला. मशीन घुमायला लागलं. नुसत्या आवाजावरून मी त्याचं साल सांगितलं असतं. पण मी बाटलीवरचा कागद सोलत उभा राहिलो.

"झकास! देऊन टाक," रॉस्को म्हणाला. "आमच्या बायकोला, डोलोरेसला, वाढदिवसाला होईल."

"हे विकायचं नाहीये."

"मग आलास कशाला? आमच्या बायका बघायला?"

सगळे खिदळले. मर्लनं माझ्याकडे पाहिलं. 'हा माझा मित्र आहे,' एवढं पुरलं असतं.

"रॉस्को भाव चांगला देईल," मी म्हणालो.

त्यानं विकलं.

आठवड्यानं त्याचं पत्र आलं: 'पहिली सभा माझ्या गॅरेजमध्ये घेऊ. तुझ्याकडे ओल फार आहे.'

त्या सभेत त्यानं मलाच अध्यक्ष केलं. यादी लिहायला बसलो, तेव्हा एवढंच म्हणाला, "पहिली ओळ मोकळी सोड." मशीन रॉस्कोकडून परत मागता आलं असतं, पण कारण सांगावं लागलं असतं. दोन वर्षांनी डोलोरेसनं ते भंगारात दिलं.

यंदाच्या सभेतही एका नव्या सभासदानं विचारलंच, "पहिला नंबर कुठाय?"

"वेंडलला विचारा," मर्ल म्हणाला. दरवर्षी तो हेच म्हणतो आणि माझ्याकडे बघत थांबतो.

"लिहिताना चूक झाली," मी म्हणालो.