मला कडू लागलं

"तीर्थ-प्रसाद कधी टाकायचा नाही, मीनाक्षी. कुणाचं उरलं तर आपण घ्यायचं." लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं. त्या जाऊन अकरा वर्षं झाली, पण तीर्थाची पळी हातात घेतली की त्यांचा आवाज अजून कानात येतो. माझ्या मुलाला बरं केलं ते डॉक्टरांनी आणि रूपानं. माझे डोळे मात्र सासूबाईंच्या त्या वाक्यानं उघडले, आणि तेही मी झोपून राहिले म्हणून.

फर्दापूरच्या रस्त्याला, शहर संपतं तिथं, झारीवाल्या महाराजांचा पत्र्याचा मंडप होता. गुरुवारी दोन-अडीचशे माणसं सहज असायची. कुणी सून आणलेली, कुणी भाऊ, कुणी दोरीनं हात बांधलेला बाप. महाराज पाटावर बसून तांब्याची झारी उचलायचे आणि बोलायला लागायचे.

"झारी एक, पानी एक, हात एक! ज्याच्या अंगात काय नाय, त्याला अमृतावानी गोड. ज्याच्या अंगात बाहेरचं हाय, त्याला जहर. जीभ तुमची, निवाडा बी तिचाच. म्या कोन सांगनार?"

आणि खरंच तसं व्हायचं. माझ्यासोबत आलेल्या शेजारच्या पारूबाईंनी तळहात पुढं केला, तीर्थ घेतलं आणि दहावीचा निकाल लागावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "गोड! लई गोड वैनी!" मलाही गोडच लागलं. मग महाराजांनी त्याच झारीच्या त्याच तोटीतून पेल्यात तीर्थ ओतलं आणि माझ्या सार्थकसमोर धरलं. एका घोटात त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"कडू आहे," तो म्हणाला.

मंडपभर "अरारा" झालं. अर्ध्या-पाऊण तासात सार्थक सतरंजीवर गाढ झोपला. "उतरलं! उतरलं!" लोक म्हणाले. मी पदर तोंडाला लावून रडले. कितीतरी दिवसांनी माझं लेकरू शांत झोपलेलं पाहत होते. आईला तेवढं पुरतं हो. तेवढ्यावर ती काहीही खरं मानते.

सार्थक सव्वीस वर्षांचा. वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला होता. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मार्गशीर्षात त्याची झोप गेली. कंपनीतली माणसं भिंतीपलीकडून आपल्याविषयी बोलतात, असं म्हणायला लागला. मग म्हणाला, पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा. भरून ठेवलेले दोन ड्रम त्यानं एका दुपारी अंगणात उपडे केले.

रूपा त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणजे काय ते मला कळत होतं, पण मी कळल्याचं दाखवत नव्हते. मुकुंदवाडीच्या बौद्ध घरातली मुलगी, छावणीत एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. मी देवापुढं नवस बोलत बसले होते तेव्हा तिनंच त्याला रिक्षात घालून मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत पुष्कळ फरक पडला, पण त्याचे हात थरथरायचे, अंगावर सूज आल्यासारखं दिसायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडं थांबा, गोळी बदलून बघू. मला थांबवेना. पारूबाईंनी महाराजांचं नाव काढलं आणि मी निघाले.

त्या पहिल्याच गुरुवारी महाराज म्हणाले, "गोळ्या बंद. रोग बाहेरचा, गोळी जाती पोटात. दोघांची गाठ पडंल कुठं?" लोक हसले. मीही हसले. मग डोळे मिटून म्हणाले, "कुनीतरी पान्यातनं घालतंय. भानामती हाय. बाई हाय, कवळी हाय. र वरनं नाव. आपल्यातली नाय."

नाव लिहून घेणाऱ्या सेवेकऱ्याला पारूबाईंनी आमच्या घरची सगळी हकिगत सांगून ठेवली होती, हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली. आज लपवण्यात अर्थ नाही: 'आपल्यातली नाय' हे मला ऐकायला हवंच होतं. जे माझ्या तोंडून निघत नव्हतं ते महाराजांच्या तोंडून निघालं आणि मला हलकं वाटलं.

सार्थकला तर आधीच पाण्याची भीती. आता त्या भीतीला नाव मिळालं. रूपा आली की तो दार लावून घ्यायचा. "तू कालवतेस! महाराजांनी सांगितलं!" ती जिन्यात उभी राहायची. एकदा तिनं बंद बाटली आणली, दाराच्या फटीतून दाखवली. "सार्थक, सील बघ. मी हात लावलेला नाही. तूच फोड, तूच पी." त्यानं बाटली आत घेतली आणि दार लावलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "काकू, उद्या परत आणते." लॅब सुटली की छावणीहून सिडकोतल्या आमच्या घरापर्यंत ती रोज एका बाटलीसाठी यायची. दार उघडायचं तेवढं मी उघडायचे. ये, बस, एवढंही म्हणत नव्हते.

पाच गुरुवार झाले. दर वेळी महाराज घरी न्यायला एक बाटली देत, 'रोज संध्याकाळी पेलाभर'. सार्थक पीत होता, झोपत होता. पण जागा झाला की आधीपेक्षा वाईट. आवाज परत आले होते. महाराज म्हणायचे, "जाताना भूत दार आपटतंच."

एका संध्याकाळी सार्थकनं पेला अर्धाच प्यायला आणि ठेवून दिला. तीर्थ टाकायचं नाही. मी देवाला नमस्कार केला आणि उरलेलं घेतलं.

कडू. जीभ आकसून जाईल असं कडू.

मी तशीच बसले. बावीस वर्षं सूर्योदयाआधी अंघोळ, दिवा, विष्णुसहस्रनाम; त्याआधी पाण्याचा थेंब नाही. आजारपणातही मोडला नाही, हे गेले त्या दिवशीही मोडला नाही असा नेम. आणि मला कडू लागलं? माझ्या अंगात कुठलं बाहेरचं? गुरुवारी तर ह्याच तीर्थानं तोंड गोड झालं होतं. पुढं विचार करायला डोळेच उघडे राहिनात.

उठले तेव्हा उन्हं स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत आली होती. अकरा वाजले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा देवघरात दिवा लागला नव्हता. डोकं जड, पाय दुसऱ्याचे. मी भिंतीला धरून ओक्साबोक्शी रडले. त्या दिवशी रूपाला सुट्टी होती, ती त्याच वेळी बाटली घेऊन दारात आली.

"काकू, काय झालं? पडलात का?"

"माझा नेम मोडला गं."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, एक दिवस मोडला तर काय होतं. ती तसं म्हणाली नाही. चपला काढून आत आली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "काल काय घेतलं होतं?" मी सांगितलं. कडू लागल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "काकू, राग येऊ देऊ नका. मला तुमची लघवी तपासायला द्या."

आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं. पण दिली. सुट्टी असूनही ती लॅबमध्ये गेली आणि दुपारी छावणीतून तिचा फोन आला. "झोपेच्या गोळीचा अंश निघालाय काकू. तुम्ही कुठली गोळी घेता?"

"मी? डोकं दुखलं तर सुंठ उगाळते मी."

संध्याकाळी ती आली तेव्हा मी विचारलं, "मग मंडपात मला गोड कसं लागलं? झारी तर एकच."

"महाराज झारी कशी धरतात?"

मी आठवून सांगितलं. मुठीवर अंगठा सारखा हलायचा. मला वाटायचं, जप मोजतात.

रूपा हसली. किती दिवसांनी हसली असेल! पेलाभर पाण्यात तिनं एक स्ट्रॉ बुडवली, वरच्या तोंडावर बोट दाबलं आणि स्ट्रॉ बाहेर काढली. पाणी आतच राहिलं. बोट उचललं, पाणी पडलं. "आम्ही लॅबमध्ये दिवसभर हेच करतो. वरून हवा बंद केली की खालून थेंब पडत नाही. झारीला आतून दोन कप्पे असणार. प्रत्येकाला मुठीपाशी एक बारीक भोक. ज्यावर अंगठा, ते पाणी आत. दुसरं बाहेर. तुमच्यासाठी साखरेचं, ह्याच्यासाठी गोळ्या कुटलेलं."

आतल्या खोलीच्या दारात सार्थक उभा होता. कधी आला कळलं नाही. "म्हणजे पाण्यात कालवत होते," तो हळूच म्हणाला. "मी म्हणत होतो ना."

"होय," रूपा म्हणाली. "ह्या वेळी खरंच कालवत होते. पण मी नाही." मग माझ्याकडं वळली. "काकू, पारूबाईंनी हे भानामतीचं आमच्या गल्लीपर्यंत पोचवलंय. आई नळावर जायची बंद झालीय. माझ्याविषयी तुम्ही जे खरं मानलं, ते खोटं होतं असं तिथं येऊन बोलाल?"

"बोलेन," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर बोलेन."

पुढच्या गुरुवारी मंडपात मी पाटाजवळ जाऊन हात जोडले. "महाराज, बावीस वर्षं देवाची भांडी घासते. आज झारीची सेवा मला द्या."

"बाईच्या हाताला चालत न्हाई."

"मग नुसती धरते," असं म्हणून मी उचललीच. माझ्यासारखी बाई हिसकावून घेईल असं त्यांना वाटलं नसावं. सेवेकरी उठेपर्यंत मी मुठीवर बोट फिरवलं. दोन भोकं सापडली, मोहरीएवढी.

"पारूबाई, हात पुढं करा." एका भोकावर अंगठा ठेवून थेंबभर ओतलं.

"गोड हाय की!"

अंगठा सरकवला. पुन्हा थेंबभर.

"अगं बया! कडू! माझ्या अंगात शिरलं की काय वैनी?"

"तुमच्या अंगात काही नाही पारूबाई. आहे ते झारीच्या पोटात आहे."

मागून रूपानं मोठ्यानं सगळं समजावून सांगितलं. महाराज ओरडले, "कोप व्हईल! अशा हातांनी..." पण ते उठले ते मागच्या दाराकडं. दगडाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती सारखी एकच विचारत होती, "मंग माझी सून? तिला कडू लागलं म्हनून म्या हाकलली की वो. तिचं काय?" आम्ही झारी घेऊन पोलिसांत तक्रार दिली. तरीही अर्धी माणसं घरी जाताना म्हणत होती, महाराजांनी भक्तांची परीक्षा घेतली. मला आता त्याचं नवल वाटत नाही. थकवा येतो.

डॉक्टरीणबाईंनी मला रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी बंद झाली म्हणून आजार परतला. झोपलेला माणूस ओरडत नाही, म्हणून तुम्हाला तो बरा वाटला." दुसरी गोळी सुरू झाली. हात आता कमी थरथरतात. आवाज पूर्ण गेलेले नाहीत; लांब गेलेत, असं तो सांगतो. परवा त्यानं रूपाच्या हातून पेला घेतला. आधी वास घेतला. मग प्यायला. ती दुसरीकडं बघत होती. लग्नाचं मी विचारलं तर म्हणते, "बघू काकू. आधी त्याला त्याची झोप लागू दे."

मी देव सोडलेला नाही. दिवा लागतो, सहस्रनाम होतं. पण बायांनो, देवाला कुणाची जीभ तपासावी लागत नाही, आणि मनाचा आजार हा तापासारखाच आजार आहे. चमत्कार दाखवणाऱ्याचं भांडं एकदा आतून बघायला मागा. तो नाही म्हणाला की समजा. आणि कुणी तुमच्या मनातलं वाईट तुमच्याआधी बोलून दाखवलं, तर त्याला अंतर्ज्ञानी म्हणू नका.

रूपाला दिलेला शब्द मात्र मी दोन महिने पाळला नाही. आधी दवाखाना, मग तक्रार, मग गुडघा. कारणं काय, देवघरातल्या उदबत्त्यांसारखी एका पुड्यात पन्नास निघतात. आज एकादशी. सार्थकची सकाळची गोळी दिली आणि साडी बदलली.

"आई, कुठं?"

"मुकुंदवाडीला. रूपाच्या आईकडं."

"उपासाची? ऊन बघ किती आहे. संध्याकाळी जा की."

मी छत्री घेतली आणि जिना उतरले. रूपाच्या आईच्या, रत्नमालाबाईंच्या गल्लीत नळ दुपारी येतो, तेव्हा सगळ्या बायका बाहेर असतात, असं रूपानं सांगितलं होतं.